स्टेशनबाहेरच्या बेवारस सायकली

व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत इतिहासाच्या विषयांमध्ये सायकलीचे नाव वाचून काही श्रोते गालांतल्या गालांत हसले असतील. इतिहास म्हटला की लढाया, तह, राज्याभिषेक असे काही ऐकावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. परंतु शहर हीही इतिहासाचीच एक वस्तू आहे. शहरातील माणसे आपापसांत कशी वागतात, रस्ता कोणाचा मानतात आणि दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावताना किती कचरतात, हे तटबंदीवरून जितके कळते तितकेच सायकलींच्या अडगळीवरूनही कळते. म्हणून आज आम्ही एका फार लहान वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. सार्वजनिक जागी लावलेली आणि मग कोणी न्यावयास न आलेली सायकल, ही ती वस्तू होय. तिची गोष्ट मुख्यतः जपानात घडली, म्हणून आम्हीही बहुतेक वेळ तेथेच थांबणार आहोत.

आधी शब्दांकडे पाहू, कारण या प्रश्नाची निम्मी गुंतागुंत शब्दांत आहे. आपण अशा सायकलीला 'बेवारस' म्हणतो, म्हणजे जिला वारस नाही ती. आपल्या शब्दाने मालकाला मारूनच टाकले आहे! हॉलंडमधले लोक तिला 'वेसफीट्स', म्हणजे अनाथ सायकल म्हणतात. त्यांनी सायकलीला पोर मानले आणि आईबापांविना केले. जपानी भाषेत मात्र 'होची जितेन्शा' म्हणतात. 'होची' म्हणजे आहे तशी सोडून दिलेली. येथे मालक मेलेला नाही, पळालेला नाही, तो फक्त तेथे नाही. तो संध्याकाळी येईल, पुढच्या महिन्यात येईल किंवा कधीच येणार नाही. सायकलीकडे पाहून हे सांगता येत नाही. जपानी नगरपालिकांना पुढे जवळजवळ पंधरा वर्षे ज्या पेचाने छळले, तो या एका शब्दात साठवलेला आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी जपानात सायकल ही श्रीमंतांची चैन होती. पुढे ती दुकानदाराची, पोस्टमनची, कारकुनाची झाली. मेजी काळापासून तिच्यावर कर होता आणि कर भरल्याची खूण म्हणून सायकलीला परवान्याची पट्टी लावावी लागे. आमच्या श्रोत्यांतील वडीलधाऱ्या मंडळींना नगरपालिकेचा पितळी बिल्ला आठवत असेल. तसाच काहीसा तो प्रकार. १९५८ मध्ये जपानने हा कर रद्द केला. सायकल ही गरिबाची गरज आहे, तिच्यावर कर कशाला, असा विचार त्यामागे होता आणि तो उदार होता यात संशय नाही. परंतु करासोबत पट्टीही गेली. सायकल कोणाची हे सांगणारी सरकारी खूण नाहीशी झाली. त्या वेळी त्याचे कोणाला काही वाटले नाही. वाटण्यासारखे काही घडलेही नव्हते.

घडले ते शहरे वाढू लागल्यावर. १९५५ मध्ये जपानात सरकारी गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले आणि टोकियो, ओसाका यांच्या भोवती 'दांची' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाळवजा इमारतींच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. नोकरी शहराच्या मध्यभागी, घर तीस-चाळीस किलोमीटरांवर आणि मध्ये आगगाडी. घर मात्र स्टेशनच्या दाराशी नसे. ते दीड-दोन किलोमीटर आत असे. चालावे तर वीस-पंचवीस मिनिटे जातात, बसची वाट पाहावी तर तितकीच, आणि सायकलीने सात-आठ. माणसाने काय करावे हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. त्यातच १९६० नंतरच्या दशकात लहान चाकांच्या, खाली वाकलेल्या दांड्याच्या, पुढे टोपली असलेल्या सायकली बाजारात आल्या. त्यांवर बायका सहज बसू शकत, पोर मागे बसवून भाजी आणू शकत. अशा सायकलीला पुढे 'मामाचारी', म्हणजे आईची सायकल, असे लाडके नाव मिळाले. १९७३ साली जपानी कारखान्यांतून वर्षाला नव्वद लाखांहून अधिक सायकली बाहेर पडत होत्या.

याच सुमारास मोटारींनी रस्ते व्यापले. १९७० मध्ये जपानात रस्त्यावरील अपघातांत १६,७६५ माणसे मेली; वर्तमानपत्रे या काळाला 'वाहतूक-युद्ध' म्हणत. सायकलस्वारांचा जीव वाचावा म्हणून त्याच वर्षी कायद्यात बदल करून, जेथे तशी पाटी असेल तेथे सायकल पदपथावर चालविण्यास मोकळीक दिली. उपाय तात्पुरता होता, पण तो मुरला. आणि जेथे सायकल चालते तेथेच ती उभी राहते, हा जगाचा नियम आहे. सकाळी साडेसातला गाडी धरण्यासाठी धावणारा कारकून पदपथावरून येई, तेथेच पाय टेकी, कुलूप लावी आणि जिन्याकडे पळे. त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा. दहा वाजेपर्यंत स्टेशनच्या तोंडाशी सायकलींचे रान माजे.

येथे आम्ही जरा थांबतो, कारण हे ऐकताना प्रश्न केवळ गैरसोयीचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. अग्निशामक बंबाला वाट न मिळणे ही गैरसोय नव्हे. बाळाची ढकलगाडी घेऊन मोटारींच्या रस्त्यावर उतरावे लागणे हीही केवळ गैरसोय नव्हे. परंतु सर्वांत कठीण प्रसंग आंधळ्या माणसाचा होता. पायाला लागणाऱ्या उंचवट्यांच्या ज्या पिवळ्या फरश्या आज आपल्या मेट्रो स्थानकांतही दिसतात, त्या मूळ जपानच्या. सेइइची मियाके या गृहस्थांनी त्या शोधून काढल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर बसविल्या गेल्या. पुढल्या दशकात त्या स्टेशनांपर्यंत पोचल्या. आणि नेमक्या त्या पिवळ्या पट्ट्यावर, तो मोकळा दिसतो म्हणून, डोळस लोक सायकली लावू लागले. काठी टेकीत येणाऱ्या माणसाची वाट अशी मध्येच सायकलीच्या चाकात संपे. ज्याने सायकल लावली त्याला हे दिसतही नसे, कारण तो तोवर गाडीत बसून शहरात पोचलेला असे.

सरकारने मोजणी सुरू केली. पद्धत साधी होती: कामाचा दिवस, स्वच्छ ऊन, सकाळी अकराचा सुमार, आणि स्टेशनच्या आसपास वाहनतळाबाहेर उभ्या असलेल्या सायकली मोजावयाच्या. १९८१ साली हा आकडा सुमारे ९ लक्ष ९० हजारांवर गेला. देशभर एका सकाळी दहा लाख सायकली वाटेत उभ्या! यांतल्या बहुतेक संध्याकाळी घरी जात असत हे खरे, पण काही जात नसत. त्यांच्या टोपलीत कागद आणि रिकाम्या बाटल्या पडत, टायर बसत, साखळी गंजे. आणि शेजारच्या चांगल्या सायकलींत त्या अशा अडकून राहत की झाडूवाल्यालाही हलविता येत नसत. टाकलेली सायकल ही लावलेल्या सायकलींच्या आडोशाने राहते. म्हणून दोन्ही प्रश्न एकत्र सोडविणे भाग होते.

आता नगरपालिकेने उचलून नेल्या म्हणजे झाले, असे आपण म्हणाल. आपल्याकडे अतिक्रमण विभागाची गाडी पाहिलेल्या कोणालाही असेच वाटेल. परंतु जपानी नगरपालिकांचे कायदेशीर सल्लागार येथे अडले, आणि आमच्या मते ते अडले हे त्यांना भूषणावह आहे. सायकल ही मालमत्ता आहे आणि जपानच्या युद्धोत्तर राज्यघटनेचे २९ वे कलम मालमत्तेच्या हक्काला संरक्षण देते. दिवाणी संहितेप्रमाणे निर्मालक जंगम वस्तू जो ताब्यात घेईल त्याची होते; पण सायकल निर्मालक आहे हे कोण ठरविणार? हरवलेल्या वस्तूसाठी वेगळा कायदा होता, पोलिसांनी सहा महिने सांभाळावयाची. पण ही सायकल हरवलेली तरी कोठे होती? मालकाला ती कोठे आहे हे पक्के ठाऊक होते. शिवाय चोरीच्या सायकली! चोर स्टेशनपर्यंत कोणाची तरी सायकल उडवी आणि तेथे सोडून देई. तिचा मालक दुसऱ्या गावात ती शोधीत असे. ती भंगारात घालणे म्हणजे ज्याची चोरी झाली त्यालाच पुन्हा लुबाडणे होय. एका गंजक्या सायकलीपुढे दिवाणी संहितेची तीन-चार कलमे रांगेने उभी राहिली आणि एकही पूर्ण लागू पडेना.

नोव्हेंबर १९८० मध्ये जपानी संसदेने सायकलींचा सुरक्षित वापर आणि सायकलतळांची उभारणी यांसंबंधीचा कायदा केला. तो पुढच्या वर्षी अमलात आला. तळ बांधण्याची मुख्य जबाबदारी त्याने नगरपालिकांवर टाकली. रेल्वे कंपन्यांनी, नगरपालिकेने मागितल्यास, जागा देण्याच्या कामी सहकार्य करावे असे सांगितले. 'सहकार्य करावे' हे शब्द आपण लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरून मोठे भांडण होणार आहे. सायकली हलविण्याविषयीही कायदा बोलला, पण हलविलेल्या सायकलीचे अखेर करावयाचे काय, याविषयी तो पुरेसे बोलला नाही. गावोगावच्या नगरपालिकांनी आपापले नियम केले. कोणी सायकलीला तारखेची चिठ्ठी बांधून आठवडाभर वाट पाही, कोणी लगेच ट्रकमध्ये भरी. वखारी सायकलींनी भरून गेल्या. ठेवाव्यात तर भाडे चढते, विकाव्यात तर अधिकार संशयास्पद. हा खेळ तेरा वर्षे चालला.

१९९३ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली आणि १९९४ पासून लागू झाली, ती आम्हांला या सर्व इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. तिने क्रम घालून दिला. नगरपालिकेने सायकल हलवावी, तिची जाहीर सूचना लावावी आणि मालकाचा शोध घ्यावा. योग्य तेवढा काळ वाट पाहूनही कोणी आला नाही आणि सांभाळण्याचा खर्च सायकलीच्या किमतीच्या मानाने फार होऊ लागला, तर ती विकावी व सायकलीऐवजी तिचे पैसे मालकासाठी जपून ठेवावेत. सूचनेपासून सहा महिने उलटले की मग मालकी नगरपालिकेकडे यावी. म्हणजे मालकाचा हक्क एका फटक्यात तोडला नाही. प्रथम वस्तू गेली, तिच्या जागी तिची किंमत राहिली, आणि सहा महिन्यांनी तीही गेली. (सहा महिन्यांची ही मुदत ऐकून आमच्यातील वकील मंडळींना १८६१ चा आपला पोलीस कायदा आठवेल. बेवारस मालाची जाहिरात देऊन सहा महिने दावेदाराची वाट पाहावी, असे त्यातही सांगितले आहे. माणसाला आपली वस्तू आठवण्यास किती काळ लागतो, याबद्दल कलकत्ता आणि टोकियो यांचे एकमत पडावे, ही गमतीची गोष्ट आहे.)

याच दुरुस्तीने आणखी एक काम केले. पोलिसांच्या देखरेखीखालील चोरी-प्रतिबंधक नोंदणी, जी तोवर ऐच्छिक होती, ती प्रत्येक सायकल-मालकाचे कर्तव्य ठरली. न करणाऱ्याला दंड नाही, पण विकत घेतानाच दुकानदार थोडक्या पैशांत नोंद करून देतो आणि सांगाड्यावर क्रमांकाची चिकटपट्टी लावतो. तो क्रमांक पाहून पालिका मालकाचे नाव मिळविते आणि घरी पत्र धाडते: आपली सायकल अमुक वखारीत आहे, येऊन घेऊन जावी. १९५८ मध्ये करासोबत जी पट्टी सोडून दिली होती, ती छत्तीस वर्षांनी अशी मागल्या दाराने परत आली, फक्त कराशिवाय. इतिहासाला अशा फेऱ्या मारण्याची खोड आहे.

पण पत्र गेले तरी माणूस येईचना. वखार गावाबाहेर, सोडविण्याची फी दोन-चार हजार येन, आणि चीनहून येणारी नवी सायकल दहा हजारांच्या आसपास. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपानात विकल्या जाणाऱ्या सायकलींत बहुसंख्य अशा आयात केलेल्या होत्या. कामावरची अर्धी रजा काढून जुनी सायकल सोडविण्यापेक्षा नवी घेणे बरे, हा हिशेब लोकांनी केला. ज्या वस्तूच्या मालकीचे रक्षण करण्यासाठी संसदेने एवढा खल केला, ती वस्तू मालकालाच नको झाली होती. आमच्या बालपणी ज्यांच्या घरी सायकल होती ते ती रात्री माजघरापर्यंत आत आणीत. त्या पिढीला हे वाक्य नीट समजावून सांगणे आम्हांला कठीण जाते.

आता त्या 'सहकार्य करावे' या शब्दांकडे वळू. टोकियोच्या तोशिमा वॉर्डात इकेबुकुरो नावाचे प्रचंड स्टेशन आहे. (तेथे सेइबू या नावात 'पश्चिम' आहे आणि तिचे दुकान पूर्वेच्या दाराशी, तोबू या नावात 'पूर्व' आहे आणि तिचे दुकान पश्चिमेच्या दाराशी. नवख्या माणसाची तेथे हमखास फसगत होते.) टाकलेल्या सायकलींसाठी हे स्टेशन देशभर कुप्रसिद्ध होते. वॉर्डाचे म्हणणे असे: आम्ही तळ बांधतो, माणसे नेमतो, ट्रक फिरवतो, वखारी चालवतो, आणि हे सारे लोक येतात ते तुमच्या गाड्यांसाठी. तिकिटाचे पैसे तुमचे आणि सायकलींचा कचरा आमचा, हे कोणते सहकार्य? रेल्वे कंपन्यांचे म्हणणे असे: सायकल आम्ही लावलेली नाही. लावणारा माणूस दुकानांत येतो, बँकेत येतो, चित्रपटाला येतो. त्या सर्वांना सोडून एकट्या आम्हांलाच का धरावे? दोन्ही बाजूंना काही ना काही तथ्य होते, हे आम्हांला मान्य केले पाहिजे.

२००० सालच्या विकेंद्रीकरणाच्या कायद्याने स्थानिक संस्थांना, केंद्राच्या संमतीने, नवे कर बसविण्याची वाट सोपी झाली होती. तिचा लाभ घेऊन तोशिमाने डिसेंबर २००३ मध्ये एक अपूर्व कर मंजूर केला. वॉर्डातील स्टेशनांवर गाडीत चढणाऱ्या दर हजार प्रवाशांमागे रेल्वे कंपनीने ७४० येन द्यावेत. म्हणजे माणशी एक येनही नव्हे. सप्टेंबर २००४ मध्ये मंत्र्यांची संमती आली आणि एप्रिल २००५ पासून कर लागू झाला. कंपन्यांनी जोराचा विरोध केला होता, पण अखेर त्या बोलण्यास बसल्या. त्यांनी जागा व साह्य देण्याचे कबूल केले आणि २००६ साली वॉर्डाने कर मागे घेतला. काही टीकाकारांनी यास माघार म्हटले. आम्हांला तसे वाटत नाही. वॉर्डाला स्टेशनपाशी जमीन हवी होती, आणि ती जमीन केवळ पैशांनी विकत मिळणारी नव्हती. काठी उगारल्यावर सहकार्य या शब्दाला अर्थ आला, एवढेच.

जमीन नसेल तेथे जपान्यांनी ती खाली शोधली. एदोगावा वॉर्डात कासाई स्टेशनच्या चौकाखाली २००८ मध्ये ९,४०० सायकलींचा तळ सुरू झाला. त्यांपैकी ६,४८० सायकली यंत्राने ठेवल्या-काढल्या जातात. जमिनीखाली ३६ वर्तुळाकार विहिरी आहेत आणि प्रत्येकीत १८० सायकली मावतात. आपण सायकल दारापाशी उभी करावी, दार उघडते, सायकल आत जाते आणि कार्ड दाखविले की काही सेकंदांत परत येते. विहिरीत पाण्याऐवजी सायकली! पण अशा यंत्रांपेक्षाही स्टेशनाजवळच्या साध्या, छप्पर असलेल्या, माफक भाड्याच्या तळांनी अधिक काम केले असावे असे आमचे मत आहे. जागा मिळाली तेव्हा माणसे तेथे लावू लागली आणि मग वाटेत उभी असलेली सायकल उठून दिसू लागली, हलविता येऊ लागली. दहा लाखांच्या घरात गेलेला तो आकडा हळूहळू उतरत पुढे एक लाखाच्याही खाली आला. याला तीसहून अधिक वर्षे लागली.

मालक न आलेल्या सायकलींचे पुढे काय झाले? काही दुरुस्त करून विकल्या, पुष्कळशा भंगारात गेल्या. एक छोटा ओघ मात्र वेगळ्या दिशेने गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून टोकियोतील काही वॉर्ड आणि हिरोशिमासारखी शहरे एकत्र येऊन आपल्या वखारींतील सायकली ठाकठीक करून आशिया-आफ्रिकेतील देशांना पाठवू लागली. तेथे त्या खेडोपाडी फिरणाऱ्या सुइणी आणि आरोग्यसेविका वापरतात. भाडे देऊन परत घेणे ज्याला परवडले नाही अशा एखाद्या कारकुनाची मामाचारी अशी कोणा अनोळखी गावी बाळंतिणीच्या दारी जाऊन उभी राहिली.

जपानबाहेरही हा प्रश्न आहेच. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरसाल बारा ते पंधरा हजार सायकली आकड्यांनी उपसून काढाव्या लागतात. चीनमध्ये तर त्याने अगदी उलटे रूप घेतले. २०१६-१७ मध्ये भाड्याच्या, कोठेही घ्या आणि कोठेही सोडा अशा सायकलींचा तेथे पूर आला. २०१७ च्या उन्हाळ्याअखेर शांघाय, पेइचिंग या शहरांनी नव्या सायकली आणण्यास बंदी केली, आणि कंपन्या बुडाल्यावर शहरांबाहेर रंगीबेरंगी सायकलींचे डोंगर पडले. येथे प्रत्येक सायकलीवर मालक कंपनीचे नाव ठळक छापलेले होते! जपानला मालक कोण हे कळत नव्हते. चीनला पक्के कळत होते, पण मालकाजवळ पैसे उरले नव्हते. त्याच लाटेचा एक तुषार पुण्यावर उडाला. २०१७-१८ मध्ये अशा सायकली पुण्यात आल्या. काही मोडल्या, काही नदीनाल्यांत आणि गल्लीबोळांत पडल्या, आणि थोड्याच काळात ती योजना आटोपली. ज्या शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत आणि जेथे चित्रपटगृहाच्या स्टँडवर दोन पैसे देऊन बिल्ला घेतल्यावाचून सायकल लावता येत नसे, तेथे हे घडले.

त्या स्टँडवाल्याची येथे आठवण करणे अवश्य आहे. त्याच्याजवळ कायदा नव्हता, वखार नव्हती. एक बिल्ला सायकलीला आणि एक आपल्या हातात, एवढीच त्याची यंत्रणा. रात्रीचा खेळ सुटल्यावर एखादी सायकल उरलीच, तर ती कोणत्या वेळी आली हे त्याला आठवे, आणि तो ती भिंतीशी लावून ठेवी. जपानने कायदा, दुरुस्ती, नोंदणी आणि पत्रव्यवहार यांतून जे उभे केले, ते बरेचसे या माणसाचेच काम होते. फरक इतकाच की सायकली दहा लाख होत्या. आपल्याकडे पालिकेचा बिल्ला गेला, स्टँडवालाही बहुतेक ठिकाणी गेला. आज स्टेशनबाहेरच्या लोखंडी कठड्याला कुलूप घातलेली, टायर बसलेली सायकल दिसली, तर ती कोणाची आणि केव्हापासूनची, हे विचारावे असे तेथे कोणी नसते.